विंगेतला सूर : आपल्या मंडळाच्या ऑर्गनविषयी

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात नाट्यसंगीताच्या कार्यक्रमाआधी केलेलं भाषण. बोलताना सुटलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



आरती झाली, प्रसाद झाला, आता पदं ऐकायची म्हणून आपण थांबला आहात, भाषण ऐकायला नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी कार्यकारिणीने वीस मिनिटं दिली आहेत. तेवढ्यात आटोपतो.

आम्ही म्हणजे आम्ही तिघं. एक गातो, एक तबल्याला, आणि हे बोलणारे पेटीला. तिघांपैकी कुणीही कलावंत म्हणून पोट भरत नाही. दोघं राज्य सरकारच्या नोकरीत, एकाचं दुकान. बोलणाऱ्याकडे मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे, संगीताची पदवी नाही. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

विषय आहे रंगमंचाच्या डाव्या बाजूच्या खोलीत निळ्या ताडपत्रीखाली ठेवलेली वस्तू. आपल्यातल्या पुष्कळांना ते जुनं टेबल वाटतं. दरवर्षी त्यावर नारळाची पोती, मखराचं थर्माकोल, झांजांची पेटी ठेवली जाते. तो मंडळाचा ऑर्गन आहे. दिवाळीआधी खोली साफ करायला काढली तेव्हा भंगारवाल्याने लाकूड आणि पितळ मिळून अठराशे रुपये सांगितले. कार्यकारिणीत दोन मतं पडली. एक म्हणालं, देऊन टाका, जागा मोकळी होईल. दुसरं म्हणालं, वाडवडिलांची वस्तू आहे. शेवटी ठरलं की आधी ती उघडून बघावी. ते काम आमच्या गळ्यात आलं. काय सापडलं ते शेवटी सांगतो. आधी ही वस्तू आपल्याकडे कशासाठी आली ते सांगायला हवं, नाहीतर ठेवायची की विकायची हे ठरणार कसं?

मराठी संगीत नाटकाचा जन्म पुण्याचा. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल'चे पहिले अंक रंगभूमीवर आणले. पण त्या नाटकाचा आवाज बडोद्याने दिला असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. भाऊराव कोल्हटकर आपल्या बडोद्याचे. इथेच जन्मले, १८८२ मध्ये किर्लोस्कर मंडळीत गेले आणि 'सौभद्र'मधली त्यांची सुभद्रा महाराष्ट्रभर गाजली. भास्करबुवा बखले बडोदे संस्थानातल्या कठोर गावचे. लहानपणी तेही किर्लोस्कर मंडळीत होते. पुढे बडोद्यात फैज महंमद खाँसाहेबांकडे शिकले, आणि १९१६ मध्ये 'स्वयंवर'च्या चाली त्यांनीच दिल्या.

आता त्या काळी गाण्याच्या साथीला कोण असे? मुख्यतः तबला आणि सारंगी. सारंगी गळ्याच्या अगदी जवळची. गवयाने स्वर ओढला की ती ओढते, घसरला की घसरते. पण तिच्यात दोन अडचणी. एक म्हणजे तारा सारख्या उतरतात, जुळवायला वेळ लागतो. दुसरी म्हणजे तेव्हा मायक्रोफोन नव्हता. तंबूत किंवा मोठ्या नाटकगृहात हजार माणसं बसली की शेवटच्या रांगेपर्यंत सारंगी पोचवायची कशी?

तिथे पेटी आली. हार्मोनियमचा शोध पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबेन यांनी १८४० च्या सुमारास लावला. आपल्याकडे आल्यावर ती जमिनीवर बसून, एका हाताने भाता मारून वाजवण्याजोगी झाली. सूर पक्का, आवाज मोठा, शिकायला सोपी. बडोद्यातही तिला लवकर आसरा मिळाला. १८८६ साली सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांकडून गायनशाळा सुरू करवली. तीच आज सूरसागरसमोर परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी म्हणून उभी आहे. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ पुढे युरोप-अमेरिकेत सूफी म्हणून नावाजले. त्यांनी तरुणपणी हार्मोनियम शिकवणारं एक पुस्तक लिहिलं होतं.

नाटकात पेटी आली ती आधी सारंगीच्या शेजारी बसली. मग हळूहळू पुढे सरकली. १९११ मध्ये 'मानापमान' आलं. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, आणि गोविंदराव स्वतः नामांकित पेटीवादक. कालपर्यंत विंगेत बसून गवयाच्या मागे जाणारा पेटीवाला आता गवयाला चाल देऊ लागला. हा फरक लहान नाही. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर आवक-जावक सांभाळणारा माणूस एकदम मसुदा लिहायला लागला.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तिला सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वारले, आणि त्यांच्या 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग महिन्याभरातच, २० फेब्रुवारीला, बडोद्यात झाला. आपल्यापैकी कितीतरी घरांत आजी-पणजीच्या तोंडून बालगंधर्वांच्या नाटकांच्या गोष्टी ऐकलेल्या आहेत. त्याला हे कारण आहे.

या गंधर्व मंडळीची साथ हा ऐकण्याचा एक स्वतंत्र विषय होता. तबल्याला अहमदजान थिरकवाँ, सारंगीला कादरबक्ष, आणि ऑर्गनला हरिभाऊ देशपांडे. नाटकातल्या साथीला ऑर्गनची जी प्रतिष्ठा मिळाली ती इथे. लक्षात घ्या, तिथे सारंगीला हाकललं नव्हतं. दोघं शेजारी बसत. सारंगी गळ्याची हरकत उचलायची आणि ऑर्गन खाली सतरंजी अंथरायचा.

सतरंजी हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. त्याचं कारण यंत्रात आहे, आणि डिप्लोमा झालेल्या माणसाला यंत्राविषयी बोलू द्यावं.

पेटी आणि ऑर्गन दोन्हींत पितळेची जीभ असते. तिला आपण सूर म्हणतो. हवा गेली की ती थरथरते. पेटीत भाता हवा दाबून बाहेर ढकलतो. ऑर्गनमध्ये बरोबर उलटं. पायाने पायटे मारले की आत निर्वात होतं आणि बाहेरची हवा सुरांतून आत ओढली जाते. म्हणजे पेटी फुंकर घालते आणि ऑर्गन श्वास आत घेतो. त्यामुळे ऑर्गनचा आवाज गोल, मऊ, थोडा दुरून आल्यासारखा लागतो. पेटी गवयाच्या शेजारून बोलते, ऑर्गन त्याच्या पायाखालून.

दुसरं, भाता पायाला दिल्यामुळे दोन्ही हात मोकळे. डावा हात षड्ज-पंचम धरून ठेवू शकतो, उजवा गवयाच्या मागे जातो. गुडघ्याने एक दांडी दाबली की आवाज वाढतो, सोडली की कमी होतो. समोरच्या खुंट्या ओढल्या की सुरांचे निरनिराळे संच उघडतात. आता डोळ्यांसमोर आणा. तीन-चार तास चालणारं नाटक. नट संवाद म्हणतोय आणि त्यातच पद येणार आहे. ऑर्गनवाला विंगेजवळ बसून संवादाखाली हळूच षड्ज सोडतो. नटाला सूर मिळतो, प्रेक्षकाला कळतही नाही. पद संपतं, वन्समोअर येतो, नट दम घेतो, तेवढा वेळ सूर तुटू द्यायचा नाही. हे ऑर्गनचं काम.

तेव्हा ऑर्गन आला आणि सगळे खूष झाले, असं मात्र नाही. पेटीवर आक्षेप जुना आहे, आणि तो खरा आहे. पेटीचे बारा स्वर सारख्या अंतरावर बसवलेले. तंबोरा नीट लागला की त्याच्या झंकारातून आपोआप गंधार उमटतो. पेटीचा शुद्ध गंधार त्यापेक्षा चढा असतो, अर्ध्या स्वराच्या जवळजवळ सातव्या भागाने. ज्याला कान आहे त्याला तो टोचतो. शिवाय मींड येत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाटच नाही, जिन्याच्या पायऱ्या आहेत.

हा वाद बडोद्यातच रंगला होता. मार्च १९१६ मध्ये पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने आणि महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद इथे भरली. तिथे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स साहेब यांची बावीस श्रुतींची पेटी चर्चेला आली. त्यावर पुष्कळ वाद झाला आणि पेटी काही मान्य झाली नाही. आम्हाला त्यातली एक गोष्ट फार आवडते. देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर आणि क्लेमेंट्स हे न्यायाधीश. म्हणजे सरकारी नोकरी सांभाळून पेटी उघडून बसणारे आम्हीच पहिले नाही.

पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला दारच बंद केलं. स्वातंत्र्यानंतर बाळकृष्ण केसकर मंत्री झाले, मराठी माणूस, पण त्यांनीही ते उघडलं नाही. १९७१ पर्यंत ही बंदी चालली, आणि उठली तीही साथीपुरती. रेडिओवर बंदी आणि घरोघरी, देवळोदेवळी पेटी, अशी तीस वर्षं गेली. लोकांनी पेटी सोडली नाही, कारण तिच्यावाचून भजन अडत होतं.

मग ऑर्गन का मागे पडला? त्याच्यावर बंदी घालावी लागली नाही. १९३१-३२ मध्ये बोलपट आले, नाटक कंपन्या एकामागून एक बसल्या. कंपनीचं बिऱ्हाड वॅगनीत भरून गावोगाव जायचं, तेव्हा ऑर्गनही जायचा. ते बिऱ्हाडच मोडलं. चार माणसांनी उचलायची वस्तू रिक्षात बसत नाही, पेटी बसते. मायक्रोफोन आल्यावर आवाज पोचवण्याचीही गरज उरली नाही. तरी ऑर्गन मेला नाही. जितेंद्र अभिषेकींनी 'मत्स्यगंधा', 'ययाति आणि देवयानी', 'कट्यार काळजात घुसली' या नाटकांतून १९६४ ते १९६७ मध्ये संगीत नाटकाला पुन्हा उभारी दिली. गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांच्यासारख्या साथीदारांनी ही विद्या आपल्या पिढीपर्यंत आणून पोचवली. अलीकडे कोकणात राजापूर तालुक्यात नवे ऑर्गन तयार होऊ लागले आहेत. म्हणजे मागणी आहे, थोडी का होईना.

हे फक्त आपल्याकडे घडलं असंही नाही. आमच्यातल्या एकाचा भाचा अमेरिकेत असतो. त्याने एक व्हिडिओ पाठवला. मेक्सिको देशात लग्नकार्यात, सणावारात वाजवणारे ताफे असतात, त्यांना मरियाची म्हणतात. त्यांच्यात पूर्वी हार्प असे, माणसाच्या उंचीची तारांची वीणाच म्हणा. खालचा भरदार सूर तीच सांभाळी. मग ताफा रस्त्यावरून चालत वाजवू लागला. हार्प घेऊन चालणार कसं? तिचं काम गळ्यात अडकवायच्या मोठ्या पोटाच्या गिटारने घेतलं. रेडिओ-सिनेमाच्या काळात ट्रंपेट आले, हार्प आणखी झाकली गेली. पण मोठ्या नावाजलेल्या ताफ्यांत ती आजही उभी दिसते. आम्ही तिघांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा ठेवून. आमच्यातले तबलजी म्हणाले, "बघा, तिकडेही ताडपत्री आहे."

आता मूळ मुद्द्यावर येतो. कुठलंही वाद्य ताफ्यात टिकतं ते त्याच्या जुनेपणामुळे नाही. जोवर त्याच्याकडे असं एक काम असतं जे शेजारच्याला जमत नाही, तोवर ते टिकतं. ऑर्गनचं असं काम आज उरलं आहे का? उरलं नसेल तर अठराशे रुपये घ्यावेत, आम्ही आड येणार नाही.

याचं उत्तर आम्हाला पुस्तकात नाही, आमच्याच फजितीत मिळालं. दोन वर्षांपूर्वीचा याच मंचावरचा कार्यक्रम आपल्याला आठवत असेल. आठवत नसेल तर फारच बरं. त्या वर्षी आम्ही पेटीऐवजी कीबोर्ड घेतला होता. हलका, शंभर आवाज, त्यात ऑर्गनचाही आवाज. पद मोबाईलवरून स्वरलिपीसकट उतरवून समोर ठेवलं होतं. आमचे गाणारे मित्र अंतऱ्याला आले, समोर काकू-आजी माना डोलावताहेत हे त्यांनी पाहिलं आणि त्यांना सुचलं. एका शब्दावर ते थांबले, फिरले, परत आले, पुन्हा फिरले. आणि कीबोर्डवाले? ते कागद वाचत पुढच्या ओळीवर गेलेले. गाणारा एकीकडे, साथ दुसरीकडे. तबलजींनी दोघांकडे पाहिलं आणि हात उचलून धरले. लोकांनी सांभाळून टाळ्या वाजवल्या. कीबोर्डवाले म्हणजे हेच, जे आता आपल्यासमोर बोलत आहेत.

दोष कीबोर्डचा नव्हता, हे स्पष्ट सांगतो. कीबोर्डवरही उत्तम साथ करणारे आहेत. दोष असा की आम्ही वाजवायला शिकलो होतो, थांबायला शिकलो नव्हतो. साथ म्हणजे गाणाऱ्याच्या पाव श्वास मागे राहणं. तो कुठे जाणार हे अंदाजाने ओळखायचं, पण त्याच्याआधी तिथे पोचायचं नाही. आणि तो दम घेईल तेव्हा खाली सतरंजी ओढून धरायची. हे कागदावर लिहिता येत नाही. ते जाणत्याच्या शेजारी बसून येतं.

त्यानंतर आम्ही ताडपत्री काढली. आत काय होतं ते आता सांगतो. उंदरांनी भात्याचं कापड कुरतडलं होतं. चामडं सुकून तडकलं होतं. एक पायटा निखळलेला. सुरांवर हिरवट गंज आणि धूळ. बडोद्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगून चार पट्ट्या खालीच बसल्या होत्या. पण चौकट सागाची होती, कुठेही वाळवी नव्हती. रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर तास-दीड तास, असे आम्ही चार महिने काढले. नवं कापड, नवं चामडं, स्प्रिंगा, सगळं मिळून साडेचार हजार खर्च आला. तो आम्ही वाटून घेतला, मंडळाच्या वहीत तो दिसणार नाही. प्रत्येक सूर काढून मऊ ब्रशने साफ केला. सूर उतरला असेल तर जिभेचं टोक किंचित खरवडायचं, चढला असेल तर बुडाशी खरवडायचं. एकदा जास्त खरवडलं तर परत येत नाही. दोन सूर आमच्या हातून असेच गेले. ते लपवत नाही. आज सात पट्ट्या मुक्या आहेत, त्यातल्या दोन आमच्या पापाने.

पहिल्यांदा सूर आला तो मार्चमधल्या एका संध्याकाळी. बाहेर ज्येष्ठ मंडळींची सभा चालू होती. काळी दोनचा षड्ज आम्ही बराच वेळ धरून ठेवला, भाता कुठे गळतो ते पाहायला. दार उघडून एक आजी आत आल्या. वय ऐंशीच्या पुढे, दांडिया बाजारातल्या. त्या काही बोलल्या नाहीत. तिथल्या मोडक्या खुर्चीवर बसल्या आणि एक पद अर्धं म्हणाल्या, गळा थरथरत होता तरी. त्या पुढच्या ओळी विसरल्या, तेव्हा आम्ही षड्ज तसाच धरून ठेवला. त्यांना ओळ आठवेपर्यंत. मिनिटभर तरी लागलं असेल. मग आठवली आणि त्या पुढे गेल्या. साथ म्हणजे काय हे आम्हाला त्या मिनिटात कळलं, जे वीस वर्षं पेटी वाजवून कळलं नव्हतं.

तेव्हा आमचं मत असं. वस्तू ठेवायची म्हणून ऑर्गन ठेवू नये. पितळ-लाकडाला आम्ही हळद-कुंकू वाहायला सांगत नाही. पुन्हा ताडपत्रीखाली जाणार असेल तर विकलेला बरा, निदान कुणा वाजवणाऱ्याच्या हाती पडेल. ठेवायचा असेल तर त्याच्यावर माणूस बसला पाहिजे. आपल्या घरांत आता मुलं इंग्रजी शाळेत जातात, बाहेर गुजराती बोलतात, घरात मराठी. त्यांच्यात तिन्ही भाषा मजेत नांदतात, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण गाणाऱ्यासाठी थांबणं ही गोष्ट त्यांना कुठलं ॲप शिकवणार नाही.

म्हणून आमची मागणी एवढीच. दर शनिवारी संध्याकाळी सहा ते साडेसात ही खोली उघडी ठेवावी. नारळाच्या पोत्यांना दुसरी जागा द्यावी. दोन मुलं किंवा मुली मिळाल्या तरी चालतील. एकाने गायचं, दुसऱ्याने मागून जायचं, आणि मग बदलायचं. शिकवण्याइतकं ज्ञान आमच्याकडे नाही. शेजारी बसण्याइतकं आहे. ज्या आजी-आजोबांना जुनी पदं येतात त्यांनी यावं, ओळी विसरल्या तरी यावं. तेवढा वेळ सूर धरून ठेवायची जबाबदारी आमची. वर्षभरात कुणीच आलं नाही, तर पुढच्या गणपतीत आम्ही स्वतः भंगारवाल्याला फोन करू.

वीस मिनिटं झाली. आज ऑर्गन या मंचावर आणला आहे. चौघांनी उचलला, कुणाचीही कंबर मोडलेली नाही. पहिलं पद आता त्याच्या साथीने होईल. सात पट्ट्या मुक्या आहेत, तेव्हा गाणाऱ्या मित्राला आम्ही पट्टी सांभाळून निवडायला सांगितलं आहे. ते एखाद्या शब्दावर थांबले तर घाबरू नका. या वेळी समोर कागद नाही.

गणपती बाप्पा मोरया!